नाळ कापली नाही, म्हणून मी चुकलो का?

सिस्टर, सादर नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका वाड्यावर राहतो. वय २३. तुमचं सदर आधी आई वाचायची, आता मी वाचतो. आषाढातल्या त्या मोठ्या पावसाच्या रात्री माझी वहिनी घरीच बाळंत झाली. दिलेली तारीख अजून अठरा दिवसांवर होती. भाऊ कारखान्यात रात्रपाळीला होता. घरात मी, ऐंशीच्या पुढची आजी आणि चार वर्षांची पुतणी. दोन वाजता वहिनीने हाक मारली तेव्हा पाणमोट फुटली होती. १०८ ला फोन केला. गाडी निघाली, पण वाटेत झाड पडलेलं. घरात वीज नाही. अर्ध्या तासात बाळ आलं. फोन स्पीकरवर होता, पलीकडच्या बाई सांगत होत्या तसं करत गेलो. बाळ पुसलं, ते रडलं. नाळ आखूड होती, छातीपर्यंत पोचेना, म्हणून वहिनीच्या पोटावरच ठेवलं आणि आजीच्या धुतलेल्या लुगड्याने दोघांना झाकलं. तेवढ्यात रेंज गेली.

रेंज परत आली तेव्हा काकांचा फोन आला. ते ओरडत होते, नाळ आधी काप, नाहीतर बाळाचं रक्त उलटं वारेत (प्लासेंटात) जाईल. मीही एका व्हिडिओत कपड्यांचे चिमटे लावून कापताना पाहिलं होतं. कात्री हातात घेतली. आजीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'वार पडसर नाळीक हात लावूं नाका.' (वार पडेपर्यंत नाळेला हात लावू नको.) मी कात्री खाली ठेवली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताची दोन बोटं नाळेवर. ती धडधडत होती, मग हळूहळू थांबली. वीस-पंचवीस मिनिटांनी वार आपोआप पडली. ती जर्मनच्या टोपात घेऊन बाळाशेजारी ठेवली. गाडी पोचली तेव्हा जन्माला पन्नास मिनिटं झाली होती. गाडीवाल्यांनी क्लॅम्प लावून नाळ कापली.

इस्पितळात एकाने विचारलं, 'इतका वेळ तशीच ठेवली? कापायची अक्कल नव्हती?' ते नातेवाइकांनी ऐकलं. आता काका सगळीकडे सांगतात, पोरगा घाबरला. कुणी म्हणतं, दिराने त्या खोलीत थांबायलाच नको होतं. वहिनी नजर चुकवते. मला झोप लागत नाही, बोटांना ती धडधड जाणवत राहते. बाळ आज नऊ दिवसांचं आहे, दूध नीट पितं, पण बेंबीची नाळ अजून गळलेली नाही. शेजारची काकी हळद-खोबरेल लावा म्हणते. वार इस्पितळातच राहिली म्हणून आजी खट्टू आहे, तिला ती घरच्या माडाखाली पुरायची होती.

सिस्टर, मी चुकलो का?

– एक दीर, सत्तरी

बाळा, नाही चुकलास.

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. तीस वर्षांहून जास्त काळ मी बाळंतपणाच्या खोल्यांत काढला आहे. तू जे केलंस त्यात 'इथे तुझं चुकलं' म्हणावं अशी एकही जागा मला सापडली नाही. बाळ पुसलंस, आईच्या अंगावर ठेवलंस, झाकलंस, नाळ ओढली नाहीस, कात्री खाली ठेवलीस. वार फेकून न देता बाळाबरोबर पाठवलीस. आम्ही नर्सिंगच्या मुलींना हेच शिकवतो, तेही लख्ख उजेडात. मनगट धरणाऱ्या तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग.

आता काकांचं म्हणणं घेते, कारण ते पुष्कळ घरांत ऐकू येतं. बाळाचं रक्त जाईल ही त्यांची भीती मायेपोटीच आहे, पण घडतं नेमकं उलट. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. दोन बाळाकडून वारेकडे रक्त नेतात, एक वारेकडून बाळाकडे आणते. भोवती जेलीसारखा चिकट पदार्थ असतो, म्हणून नाळ हाताला बुळबुळीत आणि चिवट लागते. बाळ बाहेर आलं, हवेचा गारवा लागला, पहिला श्वास घेतला की वारेकडे नेणाऱ्या त्या दोन वाहिन्या आकसू लागतात. आणणारी मात्र काही वेळ उघडी राहते. म्हणजे परत जाण्याची वाट आधी मिटते आणि येण्याची वाट मागाहून. देवाने म्हण, निसर्गाने म्हण, ही सोय करूनच ठेवली आहे.

जन्माच्या क्षणी बाळाच्या वाट्याच्या रक्तापैकी जवळपास तिसरा हिस्सा वारेत असतो. पहिल्या मिनिटात त्यातलं सुमारे ८० मिलिलिटर बाळाकडे येतं, तीन मिनिटांत १०० च्या आसपास. टपरीवरच्या छोट्या ग्लासात चहा मावतो तेवढंच, पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असतं पाव लिटरच्या आगेमागे. त्यात या ग्लासभराची किंमत तूच लाव. त्या रक्तातलं लोह बाळाला पुढचे काही महिने पुरतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ मिनिटभराच्या आत बांधू नये. आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही नाळ उशिरा बांधण्याचा समावेश आहे. तुझ्या आजी हे कार्यक्रमाच्या आधीपासून जाणत होत्या. गावोगावच्या सुइणी, आपल्याकडच्या वयजिणी, वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. मी नवी असताना आम्हाला मात्र उलट शिकवलं जायचं. बाळ आलं की क्लॅम्प, कात्री, चला. कित्येक बाळांची नाळ मी स्वतः अशी घाईघाईने कापली आहे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

ती धडधड तुला अजून जाणवते म्हणालास. ती काय होती ते सांगते. ते बाळाचं हृदय होतं. आम्हीसुद्धा जन्मल्या-जन्मल्या बेंबीपाशी नाळेवर दोन बोटं ठेवून ठोके मोजतो. मिनिटाला शंभराच्या वर असले की जीव शांत होतो. तू न मोजता तेच करत होतास. मग ती मंदावली, थांबली, तेव्हा तू घाबरला असशील. पण ते नाळेचं काम संपल्याचं लक्षण होतं. बाळ स्वतःच्या छातीवर श्वास घेऊ लागलं होतं, आता त्याला नाळेची गरज नव्हती. थांबलेली नाळ पांढुरकी, ढिली पडते. तिच्यातून ना काही येत ना जात. मग ती दहाव्या मिनिटाला कापा की पन्नासाव्या, बाळाला फरक पडत नाही. नाळेत दुखण्याच्या नसा नसतात, त्यामुळे ना बाळाला कळतं ना आईला. फक्त वार दिवसेंदिवस बाळाला जोडून ठेवायची नाही, ती नासते आणि जंतू वाढतात. गाडी येईपर्यंत, इस्पितळात पोचेपर्यंत काही तास गेले तरी हरकत नाही.

अशा रात्री घाई असते ती दुसऱ्याच गोष्टींची. ओलं बाळ गार पडतं, ही पहिली. पावसातल्या रात्री, शेणाने सारवलेल्या किंवा फरशीच्या गार जमिनीवर तर बघता बघता. म्हणून आधी कोरडं पुसायचं, ओलं फडकं टाकून दुसरं कोरडं घ्यायचं, उघड्या अंगाने आईच्या अंगावर ठेवायचं, डोकं झाकायचं. नाळ आखूड असेल तर जिथे पोचेल तिथेच. तू पोटावर ठेवलंस, ओढून छातीपर्यंत नेलं नाहीस, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाळ साधारण ५० ते ६० सेंटीमीटर असते, पण कधी बरीच आखूड निघते, आणि ताण दिला तर बेंबीपाशी तुटू शकते. बाळ हातात उंच धरायचं नाही, वारेच्या पातळीलाच ठेवायचं. दुसरी घाई श्वासाची. पुसतानाच पाठ जरा जोमाने चोळली की बहुतेक बाळं रडतात. उलटं धरून थापट्या मारायच्या नाहीत. तरीही श्वास नसेल तर नाळ कापत बसण्यात वेळ घालवू नका. १०८ ला तसं आधी सांगा. फोन लागत नसेल तर बाळाचं डोकं सरळ ठेवा, आपलं तोंड त्याच्या नाका-तोंडावर एकत्र लावा आणि गालात मावेल एवढीच हवा हलकेच फुंका, छाती जरा वर येईल इतकीच. आणि तिसरी घाई आईच्या रक्तस्रावाची, तिच्याकडे येतेच.

कात्री चालवली असतीस तर काय झालं असतं, हेही लिहिते. तुला घाबरवायला नाही, काकांनाही हे पत्र वाचायला देशील म्हणून. घरातली कात्री, विळी, शेतातला कोयता यांवर धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. ते मातीत, शेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि ताज्या कापलेल्या नाळेतून आत शिरतात. बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी जबडा आवळतो, दूध ओढणं थांबतं, अंग ताठ होतं. आपल्याकडे सहाव्या रात्री सटी जागवतात, त्या रात्रीची भीती पूर्वीच्या बायकांच्या पोटात का होती, ते मला हे आजारपण पाहिल्यावर कळलं. सटवीच्या लेखापेक्षा कापणाऱ्या पात्यावर किती काही लिहिलेलं असायचं! २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. ते गरोदरपणातल्या इंजेक्शनांमुळे, इस्पितळातल्या बाळंतपणांमुळे आणि स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा यांच्या अखंड सांगण्यामुळे. वहिनींनी धनुर्वाताची लस घेतली असणारच, फाइल पाहा. त्या लसीने आईच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण बाळाकडे याच नाळेतून जातं.

व्हिडिओतल्या चिमट्याबद्दल. कपड्यांचा चिमटा बुळबुळीत नाळेवरून सरकतो, आणि तो अंगणातल्या दोरीवरचा असतो.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. नोकरीचा पहिला-दुसरा पावसाळा असेल. पहाटे नदीकाठच्या एका वाड्यावरून बाळ-बाळंतीण जीपमधून आली. घरीच झालेलं बाळंतपण. बाळ गोधडीत गुंडाळलेलं, गोधडी जुन्या डाळिंबी साडीची. तोंड पाहिलं, जरा फिकट वाटलं, पण डोळे मिटून गप्प होतं. मी आईकडे वळले, तिला रक्तस्राव होत होता. कागद भरले. पाच-सात मिनिटांनी बाळाला वजनाला घ्यायला गोधडीखाली हात घातला तर ओलं, कोमट लागलं. शू केली असेल म्हणून उघडलं. ती डाळिंबी साडी आतून रक्ताने चिंब होती, आणि त्या रंगावर रक्त दिसतच नव्हतं. घरच्यांनी नाळ मासेमारीच्या तंगुसाने बांधली होती. तंगूस बारीक आणि कडक. घट्ट ओढल्यावर तो नाळेतच रुतला, तिला अर्धी चिरली, आणि रक्त थेंबाथेंबाने झिरपत राहिलं. मी बोटांनी नाळ दाबून धरली आणि ओरडले. बाळाला रक्त द्यावं लागलं. वाचलं. पण ती पाच-सात मिनिटं माझी होती. त्या दिवसापासून घरून किंवा गाडीतून आलेलं कुठलंही बाळ मी आधी उघडून बेंबी बघते, मग बाकी सगळं.

म्हणून बांधायची-कापायची वेळ खरोखर आलीच, तर काय करायचं ते नीट सांगते. ती वेळ दोनच प्रसंगी येते. एक, नाळ आपोआप तुटली तर. तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही, बाळाकडचं टोक बोटांच्या चिमटीत घट्ट दाबून धरायचं, सोडायचंच नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी बांधायचं. दोन, मदत कित्येक तास पोचणारच नाही किंवा १०८ वरून तसं सांगितलं तर. त्यात घाई नाही. धडधड पूर्ण थांबू द्यायची. परकराच्या नाडीसारखी जरा रुंद सुती पट्टी किंवा जाड सुती दोरा आणि कोरं ब्लेड किंवा कात्री पाण्यात चांगली वीस मिनिटं उकळायची. साबणाने हात धुवायचे. पहिली गाठ बेंबीपासून साधारण १५ सेंटीमीटरवर, म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी, आणि दुसरी तिच्यापुढे आणखी ५ सेंटीमीटरवर. दोन गाठींच्या मधे कापायचं. बाळाच्या बाजूला लांब शेपूट ठेवायची म्हणजे इस्पितळात पुन्हा नीट बांधता येते, आणि गरज पडली तर त्याच वाटेने औषधही देता येतं. कापल्यावर पंधरा मिनिटांनी गाठ पुन्हा बघायची, कारण आतली जेली आकसते आणि घट्ट वाटलेली गाठ सैल पडते. टोकावर काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळद नाही, पावडर नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी दिवस भरत आलेले असतील तर आणखी दोन गोष्टी. बाळाचं डोकं बाहेर आल्यावर गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला तर किंचाळू नका, हे दर चार-पाच बाळांत एकाला असतं. सैल असेल तर बोटाने डोक्यावरून अलगद काढा. निघत नसेल तर राहू द्या, बाळ बहुतेक वेळा वेढ्यासकट बाहेर येतं आणि मग सोडवता येतं. बाळाचं अंग आत असताना नाळ कापायची कल्पनाही नको. दुसरी गोष्ट फार गंभीर आहे. पाणमोट फुटल्यावर बाळाच्या आधी नाळच बाहेर दिसली, तर ती डोक्याखाली चेपून बाळाचा प्राणवायू बंद होतो. आईने लगेच गुडघे आणि छाती जमिनीला टेकून, कंबर उंच करून ओणवं राहायचं, नाळेला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही, आणि १०८ ला नाळ बाहेर आली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. हा प्रसंग घरी निभावण्यासारखा नसतो.

वारेचं तुम्ही केलंत तेच बरोबर. ती बहुधा अर्ध्या तासात स्वतः सुटते. आधी नाळ थोडी लांबल्यासारखी होते, रक्ताची एक लोट येते, पोटात कळ येते. नाळ ओढून वार काढायला गेलं तर गर्भाशयच उलटून बाहेर येऊ शकतं, आणि तसं झालं तर बाई हातची जाते. बाळाला अंगावर घेतलं, चीक ओढू दिला की गर्भाशय आवळतं, वारही सुटते आणि रक्तही थांबतं. वार पडल्यावर बेंबीखाली नारळाएवढा कडक गोळा हाताला लागायला हवा. मऊ लागला आणि रक्त वाहतच राहिलं तर तिथे गोलगोल चोळा, बाईला लघवी करायला लावा, आणि गाडी कुठे पोचली ते पुन्हा विचारा. अर्ध्या तासात वार पडलीच नाही, तरी गाडीचं पुन्हा विचारा. पडलेली वार इस्पितळात नेलीत ते फार बरं झालं. तिचा एखादा तुकडा आत राहिला की काय, ते ती उलटून पाहिल्यावरच कळतं. शिवाय आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट तपासायला नाळेतलं रक्त उपयोगी पडतं, कारण गरज असल्यास आईला ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं. वहिनींचा रक्तगट फाइलमध्ये बघून ठेव.

जन्म घरी झाला आहे, त्यामुळे इस्पितळ नोंद करील असं धरून बसू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घरातल्या जन्माची माहिती घरच्यांनी द्यायची असते, २१ दिवसांच्या आत. बारा दिवस उरलेत. भावाला पंचायतीत पाठव.

इस्पितळात कुणीतरी बोललं ते मनाला लावून घेऊ नको, असं सांगणं सोपं आहे, पण ते लागलंय हे मला दिसतंय. पहाटेच्या ड्यूटीवर माणसं तोडून बोलतात, मीही बोलले असेन. पण 'अक्कल नव्हती' हे त्या जागी बोलणं चूक होतं आणि माहिती म्हणूनही चूक होतं. काका पुन्हा 'पोरगा घाबरला' म्हणाले तर त्यांना एवढंच विचार की घाबरलेल्या माणसाचा हात कात्रीकडे जातो की कात्रीपासून दूर. किंवा विचारूही नको. आजीला सांग, ती बघून घेईल.

दिराने त्या खोलीत थांबू नये म्हणतात, त्यांना कुणाला थांबवायचं होतं? चार वर्षांच्या पोरीला? रीत जपायला घरात माणसं लागतात, त्या रात्री तूच एक होतास.

वहिनींचं मात्र जरा वेगळं आहे आणि इथे तुला सांभाळून वागावं लागेल. त्या तुझ्यावर रागावल्या आहेत असं मला वाटत नाही. बाई आयुष्यातल्या सगळ्यांत उघड्या क्षणी ज्याच्यासमोर असते, त्याच्यासमोर नंतर चहाचा कप ठेवतानाही तिला संकोच होतो. त्यातून नातेवाईक तोच विषय चघळत असतील तर विचारूच नको. तेव्हा ती रात्र तू कुणालाही रंगवून सांगू नको, मित्रांना तर नाहीच, कौतुकाने विचारलं तरी नाही. वहिनींना स्वतःहून विषय काढून 'लाजू नका' वगैरे म्हणायला जाऊ नको. रोजचं रोजच्यासारखं ठेव. पुतणीला शाळेत सोड, बाजारातून हवं-नको विचार, बाळाला घेताना त्यांच्याकडून मागून घे. भावाशी मात्र एकदा मोकळा बोल. नातेवाइकांची तोंडं त्याने बंद करायला हवीत, ते तुझं काम नाही. आणि वहिनींना कधी बोलावंसं वाटलं तर त्या बोलतील. माझा अनुभव असा की बाया हे विसरत नाहीत, आणि कोण पाठीशी उभं होतं तेही विसरत नाहीत.

झोप न लागणं आठ-दहा दिवस चालेल, त्यात नवल नाही. दिवसा शेतात-बागेत अंग दमव, बाळाला रोज थोडा वेळ हातात घे. ती धडधड आता त्याच्या छातीत आहे, तिथे हात ठेवून बघ. पण महिना उलटला आणि तरी दचकून जाग येत असेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मानसिक आधाराच्या क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, फुकट आहे, नाव-गाव न सांगताही बोलता येतं. मोठ्या प्रसंगातून गेलेल्या माणसाने आधार मागण्यात कमीपणा नाही.

आता बेंबी. नवव्या दिवशी नाळ गळली नाही म्हणून काळजी नको. पाच ते पंधरा दिवस लागतात, पावसाळी ओलाव्यात एखादा दिवस जास्तच. ती सुकून काळी, कडक होते आणि आपली आपण पडते. लोंबू लागली तरी ओढायची नाही. काकींना हात जोडून सांग की हळद-खोबरेल भाजीत घाला, बेंबीला नको. कोरडी ठेवायची, लंगोट तिच्याखाली बांधायचा, शू-शी लागली तर स्वच्छ पाण्याने पुसून टिपायची. गळताना रक्ताचा एखादा ठिपका दिसेल, तो चालतो. पण बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पोटावर पसरू लागली, पू आला, घाण वास आला, किंवा बाळ दूध ओढेना, तापलं, गार पडलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी वाळपईच्या आरोग्य केंद्रात न्या. तीन आठवडे उलटूनही नाळ तशीच राहिली तर दाखवा. आणखी एक. नाळेतलं रक्त भरपूर मिळालेल्या बाळांना कावीळ थोडी जास्त दिसू शकते. खिडकीपाशी उजेडात त्याचं अंग बघा. पिवळेपणा पोटाखाली, पायांवर उतरला असेल तर लगेच डॉक्टरांकडे.

राहिलं आजींचं मन. इस्पितळात वार जैववैद्यकीय कचऱ्यात, पिवळ्या पिशवीत जाते, तसा २०१६ चा नियम आहे. ती आता परत मिळायची नाही. पण गळून पडणारी नाळ तुमचीच आहे, आणि माझ्या माहेरी माडाखाली तीच पुरत असत. हे छापून येईपर्यंत ती गळलीही असेल, आजींनी कुठल्या तरी डबीत जपलीही असेल. पावसाने उघडीप दिली की त्यांचा हात धरून त्यांना माडापर्यंत ने. खड्डा हातभर खोल घे, वर दगड ठेव, नाहीतर कुत्री उकरतात. माती मात्र आजींच्या हातून पडू दे.